पेटी बराबर होती

“ए, इकडं ये. कान धर.”

धाकट्या मालकांनी भर नाटकात गाणं अर्ध्यावर सोडलं आणि मला पेटीवरून उठवून सगळ्या गावापुढं उभं केलं. डोक्यावर त्यांच्या राजाचा मुकुट. एक कान धर म्हणाले होते. मी दोन्ही धरले. इतकी मी गुणाची.

“पेटीच बेसूर हाय,” ते लोकांना म्हणाले, “राजा काय करील?”

गाव हसलं. मी मान खाली घालून परत बसले आणि पुढचं गाणं वाजवलं. तेसुद्धा मन लावून. आता आठवलं की तेव्हाच्या माझ्यातल्या त्या पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पोरगी कसली, तीस वर्षांची घोडी होती.

ही नव्वदनंतरची गोष्ट, वारंगा फाट्यापासून आत असलेल्या एका गावची. दर जत्रेला गावच्या जमीनदार मालकांचं नाटक असायचं. पेटीला माणूस आमच्या वस्तीतला. आधी माझा बा वाजवायचा. त्याचा उजवा हात लकव्यानं गेला आणि मी बसले. नाटकातली माणसं ओसरीवर जेवायची. मला गोठ्याच्या भिंतीला, पळसाच्या पानावर. पेटी मात्र ओसरीवर ठेवायचे. मला त्याचाही गर्व, माझी पेटी ओसरीवर बसते म्हणून.

धाकटे मालक काळी दोनमध्ये, पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीत, गाणं धरायचे. समोर माणसं दिसली की घाबरायचे आणि घाबरले की पट्टी सोडून वर चढायचे. दुसऱ्या ओळीला काळी तीन, अंतऱ्याला काळी चार. त्यांच्या श्वासावरून मी ओळखायची आणि बोटं त्यांच्या मागं पळवायची. लोकांना वाटायचं, काय गळा आहे. मला वाटायचं, काय माझी हुशारी. त्या दिवशी त्यांनी मधलं कडवंच गाळलं, एकदम वर उडी मारली. मला अर्धी मात्रा उशीर झाला. तेवढ्यावर कान.

सगळ्यांच्या मागं, आमच्या माणसांच्या जागेवर, बा बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पेटी उघडायला लावली. एका हाताचा माणूस. भाता मी हलवत होते, पट्ट्या तो दाबत होता. एकेक, खालपासून वरपर्यंत. त्या पेटीचे सूर त्यानंच लावलेले.

“दाखव. कोणती बेसूर?”

“एकबी न्हाई, बा.”

“मंग कान काहून धरले?”

“मालकांचा मान...”

त्यानं पुन्हा खालपासून सुरू केलं. तीन वेळा. मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी हिंगोलीला नाटकांची स्पर्धा. सकाळी दहाचा प्रयोग. पडद्यामागं धाकटे मालक म्हणाले, “बराबर मागं ये. मागच्या बारीसारखी फजिती करू नको.”

“व्हय, मालक.”

व्हय म्हणाले, बरं का. जीभ अजून चाकरीतच होती.

दुसऱ्या ओळीला ते चढले. माझं बोट सवयीनं उचललं गेलं. मी ते परत आणलं. काळी दोन. त्यांनी डोळे वटारले. काळी दोन. ते वर, पेटी खाली, आणि मधली फट सगळ्या सभागृहाला ऐकू येऊ लागली. परीक्षकाचं लिहिणं थांबलं.

मालक थांबले. “पेटी बेसूर हाय,” म्हणाले.

“पेटी बराबर हाय,” मी बसल्या जागेवरून बोलले. “बेसूर तुमी.”

आवाज चिरकला माझा. शूरबीर काही नव्हते मी.

परतीच्या जीपमध्ये मला घेतलं नाही. पेटी मांडीवर घेऊन एसटीनं आले. त्यानंतर मालकांच्या धाकानं आसपासच्या एकाही गावानं बोलावलं नाही. दहा-बारा वर्षं लोकांच्या रानात हळद काढली, हळद शिजवली. बोटं पिवळी, नखं फुटलेली. बा गेला, तो बंद पेटीकडं बघत.

परवा निरोप आला. धाकटे मालक आता पुढारी आहेत. जत्रेत जुन्या कलावंतांना शाल देणार म्हणे, मलाही. निरोप आणणारा म्हणाला, “आजी, झालं गेलं.”

“झालं,” मी म्हणाले. “गेलं न्हाई.”

म्हातारी खुनशी आहे म्हणतात. आहे. शाल नको मला. त्याच गावात, त्याच माणसांपुढं, माईक हातात घेऊन मालकांनी सांगावं की पेटी बराबर होती. तोवर त्या गावात आमची पेटी वाजणार नाही. माझ्या हातानं नाही, आणि मी शिकवलेल्या माझ्या नातीच्या हातानंही नाही.