परशुरामाच्या पेटीतला दुसरा ड्राइव्ह

विजयदुर्गात लग्न म्हटलं की परशुराम आलाच, खांद्यावर कॅमेरा आणि तोंडात पान. हाताला चांगला, पण घाईला वाईट. त्या घाईतच त्याने यशोदेच्या लेकीच्या, सृष्टीच्या लग्नाच्या टेपवर कुणाचं तरी बारसं चढवलं. उरली ती त्याआधी देवगडहून करून आणलेली एकच सीडी.

यशोदा मासे विकून दोन पोरं वाढवलेली बाई. थोरला ओंकार बोटीवर नोकरीला. बहिणीच्या लग्नाला त्याला सुट्टी मिळाली नाही. उद्या मुंबईहून त्याची बोट सुटायची, आणि शेजारचा लवू आज चारच्या गाडीने मुंबईला निघालेला. एक सीडी ओंकारला, एक घरात, असा यशोदेचा बेत.

परशुरामाच्या कॉम्प्युटरात सीडी वाचणारा ड्राइव्ह होता, लिहिणारा नव्हता. तो त्याने मुद्दाम मागवला. हार्डडिस्क लोकांच्या लग्नांनी तुडुंब, तेव्हा एकातून वाचायचं, दुसऱ्यात लिहायचं. सकाळी कॉम्प्युटरची पेटी उघडली, तर आई कृष्णाबाई ताट घेऊन हजर.

"नवीन वस्तू आसा. हळदकुंकू लावल्याशिवाय आत घालू नको."

"आये, ती काय होडी आसा?"

"होडयेक लावतंस, मगे हेका कित्याक नको?"

कुंकू लागलं, अक्षता पडल्या. परशुरामाने ड्राइव्ह बसवला, पट्टीसारखी केबल दाबून जोडली. नवा ड्राइव्ह काही दिसेना. ड्राइव्ह पहिला की दुसरा हे ठरवणारी मागची इवलीशी टोपी या काड्यांवरून त्या काड्यांवर केली. नाही. परत पहिल्या जागी आणली. नाहीच. जेवण राहिलं, पान राहिलं, तीन वाजले. परशुराम ड्राइव्हला नको नको ते बोलला.

सकाळपासून दारात बसलेली यशोदा उठली. "सर रे वायच." माशांचे काटे वेचणारी तिची नजर. पदराची पिन काढून तिने केबलच्या तोंडातून अक्षतेचा एक दाणा टोकरून काढला.

परशुराम आईकडे बघत राहिला. आई देवाकडे.

आता दोन्ही ड्राइव्ह दिसले. कोरी सीडी एकच होती. ती अर्धी लिहून झाली आणि वीज गेली.

"झाला! गेली फुकट!" परशुरामाने कपाळावर हात मारला. "काकी, उद्या दुसरी आणतंय."

"उद्या बोट थांबतली?"

तिकडे गाडीचा हॉर्न वाजला. मूळ सीडी तर जुन्या ड्राइव्हच्या पोटात, आणि विजेशिवाय तो तोंड उघडेना. परशुरामाने तीच पिन सरळ करून पुढच्या बारीक भोकात खुपसली, तेव्हा कुठे ट्रे बाहेर आला. यशोदेने सीडी उचलली.

"काकी, तुका काय रवला मगे?"

"माका कित्याक रे? मी लग्नात होतंय. तो नव्हतो."

एका हातात सीडी, दुसऱ्या हाताने पिनेवाचून घसरणारा पदर धरत ती स्टँडकडे धावली.