ओल्या फरशीवरची तपासणी

सीताराम ओव्हाळ आमच्या कॉलेजात फिजिक्सचे लॅब असिस्टंट होते आणि मी तिथे शिकवत होते. डिग्री माझ्याकडे होती, अक्कल त्यांच्याकडे. हे मला पटायला एका मुलीचा हात खर्ची पडला.

त्या दिवशी प्रॅक्टिकलला बारा व्होल्टचा एसी सप्लाय हवा होता आणि नेहमीचा ट्रान्सफॉर्मर जळालेला. मी म्हटलं, "सरळ डिमरस्टॅटवरून द्या, बटण फिरवून व्होल्टेज कमी करू."

"मॅडम, मध्ये ट्रान्सफॉर्मर पाहिजेच," ते म्हणाले. "डिमरस्टॅटमध्ये तारेची गुंडाळी एकच. भिंतीतला करंट तसाच बाहेर येतो."

"बाराच व्होल्ट घ्यायचेत ना? मुलं खोळंबलीत. जोडा."

त्यांनी जोडला. प्लग दोन पिनांचा होता, तो उलटा बसला. मीटरचा काटा बारा दाखवत होता आणि तारेत मात्र घरातल्या सॉकेटइतका जोर होता. दीपाली नावाच्या मुलीने ती तार धरली तेव्हा तिचा दुसरा हात बेसिनच्या नळावर होता. ती वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुन्हा सरळ झाली नाहीत.

चौकशी समितीने विचारलं, "जोडणी कोणी केली?" सीताराम म्हणाले, "मी केली." ते खरंच होतं. मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते आणि गप्प राहिले. त्यांची बदली स्टोअररूममध्ये झाली. मी पुढे विभागप्रमुख झाले. माझ्या निरोप समारंभात माझ्या शिस्तीचं फार कौतुक झालं.

मागच्या महिन्यात कळलं की त्यांना पेसमेकर बसवलाय. विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेले. निवृत्तीनंतर ते शाळांसाठी सप्लायचे डबे बनवतात, हे ऐकून होते. टेबलावर एक तयार डबा होता. आत छोटा डिमरस्टॅट, त्याच्यापुढे दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर, मग फ्यूज. बटण फिरवलं की शून्यापासून चोवीस व्होल्टपर्यंत हवा तेवढा एसी मिळतो. दोन्ही गुंडाळ्यांमधला इन्सुलेशनचा कागद ते तीनपदरी घालतात. एक पदर पुरतो, असं मी म्हणाले.

"पुरतो," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

त्यांची एक रीत होती. मीटरने सगळं तपासून झालं की फरशीवर पाणी ओतायचं, अनवाणी उभं राहायचं आणि डब्याच्या टर्मिनलला स्वतः हात लावायचा. त्याशिवाय एकही डबा घराबाहेर गेला नव्हता.

"आता डॉक्टर नाही म्हणतात," ते म्हणाले. "हा आठ दिवस पडून आहे."

मी चपला काढल्या. त्यांनी अडवलं नाही. मी फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं, प्लग लावला, मग उलटा करून पुन्हा लावला. दोन्ही वेळा मी टर्मिनलवर बोट ठेवलं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. काही झालं नाही. मला रडू आलं.

"सीतारामभाऊ, त्या दिवशी मीच सांगितलं होतं. मी समितीपुढे बोलायला हवं होतं."

"मला माहीतच आहे मॅडम. मी तिथेच होतो ना." त्यांनी डबा उलटा करून तळाशी मार्करने माझं नाव लिहिलं, 'तपासले: जया'. मग विचारलं, "दीपालीला सांगितलंत का?"

मी मान हलवली. नाही.

"तिला वाटतं, मीच हलगर्जीपणा केला. तरी डबे माझ्याकडूनच घेते. येरवड्याच्या शाळेत सायन्स शिकवते. हा तिचाच आहे." त्यांनी तो जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिला. "शाळा साडेपाचला सुटते."

रिक्षात बसले तेव्हा पाच वाजत आले होते आणि माझे पाय अजून ओले होते. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं. माझं घर कोथरूडला आहे. मी येरवडा सांगितलं.