ओव्याचा शेक

आज सकाळी सुनेने तव्यावर ओवा टाकला. नातीला रात्रीपासून खोकला होता. तो उग्र वास नाकात शिरला आणि माझा रवी तान्हा असतानाची ती दुपार आठवली.

तेव्हा आम्ही सांगोल्याजवळच्या वस्तीवर राहायचो. आठ महिन्यांचा रवी तीन दिवस तापाने फणफणला होता, खोकून लालबुंद व्हायचा. मी ओव्याच्या पुरचुंडीने त्याची छाती शेकत होते. दुपारी खोकला थांबला, रडणंही थांबलं. त्याचा डोळा लागला तशी मी हुश्श केलं. शेकाचा गुण आला म्हणून मनातून जरा मिरवलेही.

तेवढ्यात मेंढरांना पाणी दाखवून सासरे घरात आले. त्यांनी पोराचं अंगडं वर केलं. नाकपुड्या फुलत होत्या आणि श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"मामा, आत्ताच झोपलाय की," मी कुजबुजले.

"झोप न्हाय ही, पोरी. दमलंय ते. कोकरू असं गप पडून कूस उडवाय लागलं, की सांजपतुर टिकत न्हाय. ऊठ!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी ऑक्सिजन लावला, मग सुई टोचली. "न्यूमोनिया आहे. खोकायचीसुद्धा ताकद उरली नव्हती त्याच्यात," त्या म्हणाल्या.

आणि मी त्यालाच गुण म्हणत होते.

सून पुरचुंडी घेऊन नातीजवळ बसली. रवीची लेक आता गप पडली होती.

"शेक राहू दे," मी म्हटलं. "आधी अंगडं वर कर."