विहीणबाईंच्या मागून पानशेतच्या जंगलात

परवाच्या रविवारी मी माझ्या होणाऱ्या विहीणबाईंबरोबर पानशेतच्या जंगलात सायकल चालवायला गेले होते. हो, बरोबर वाचलंत... विहीणबाईंबरोबर!

झालं असं, की माझ्या लेकीच्या, सईच्या, लग्नाची बोलणी चालू असताना कळलं की मुलाच्या आईकडे, म्हणजे मंजिरीताईंकडे, माझ्यासारखीच ग्रॅव्हल बाइक आहे. जाड टायरची, खडीमातीवर पळणारी सायकल. मी बिबवेवाडीची, त्या विश्रांतवाडीच्या, दोघींची पन्नाशी उलटलेली. त्यांनी लगेच विचारलं, "येताय का पानशेतला?" मी लगेच हो म्हणून बसले.

पण मनात धाकधूक होती. आठवड्यापूर्वी मुलाच्या आत्यांचा नारायण पेठेतून फोन आला होता. "विहिणीचे पाय धुवायची आमच्याकडे पद्धत आहे. तुमच्याकडे नसेल तर तसं सांगा."

सईने ऐकलं आणि ती भडकलीच. माझी आई कुणाचे पाय धुणार नाही, हवं तर लग्नच राहू दे, इथपर्यंत गाडी गेली! म्हटलं, बाई गं, धीर धर, मीच बोलते मंजिरीताईंशी. म्हणजे ही राइड नव्हतीच हो... माझी परीक्षा होती.

निघताना सईने बजावलं, "आणि प्लीज, त्यांना ओव्हरटेक करू नकोस." मला ओळखते ती. पुढे कुणी दिसलं की माझ्या पायांना आपोआप जोर येतो.

धरणापाशी गाडी लावून सायकली उतरवल्या आणि आम्ही पाण्याच्या कडेच्या मातीच्या रस्त्याला लागलो. काय सकाळ होती! उजवीकडे काठोकाठ भरलेलं बॅकवॉटर, डावीकडे ऐन-जांभळांची गर्द झाडी, आणि सायकलींशिवाय दुसरा आवाज नाही.

आणि मंजिरीताई मात्र... अक्षरशः गोगलगाय. मी आपली शहाण्यासारखी मागे. "तुम्ही व्हा ना पुढे." "छे छे, आधी तुम्ही." असं आमचं चाललेलं. प्रत्येक वळणावर वाटायचं आता पाय धुण्याचं काढावं... पण सायकल चालवता चालवता हा विषय काढायचा कसा?

एका ओल्या चढावर त्या इतक्या हळू झाल्या की जवळजवळ थांबल्याच. पुढे जायची सोय नाही, ब्रेक दाबला तर तोल जातो... आणि गेलाच. सायकलसकट भद्दकन चिखलात! गुडघा सोलवटला आणि उरलीसुरली अब्रूही गेली.

मंजिरीताई सायकल टाकून धावत आल्या. "अहो, इतक्या हळू का चालवताय पण?"

"तुम्ही पुढे होतात ना!" मी ओरडलेच.

"मी तुमच्यासाठी हळू चालवतेय! चिरंजीवांनी तंबी दिलीय घरून, त्यांना मागे टाकू नकोस, वाईट दिसेल म्हणून!"

दोन मिनिटं आम्ही नुसत्या हसत होतो. मग त्यांनी मला हाताला धरून पाण्याकाठच्या खडकावर बसवलं, माझे बूट-मोजे काढले आणि ओंजळीने पाणी घेऊन चिखलाने भरलेले माझे पाय धुवायला लागल्या.

मी पाय मागे ओढत म्हटलं, "अहो, हे काय करताय! शोभतं का हे!"

"गप्प बसा. चिखल निघाल्याशिवाय कळणार कसं कुठे लागलंय ते?"

आणि मग इतके दिवस मनात ठेवलेलं ते तोंडातून निघून गेलं. "पण हे तर मी तुमचे धुवायचे असतात ना..."

त्यांचा हात थांबला. "कोण म्हणालं?" मी आत्यांच्या फोनचं सांगितलं. सईचं पण सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्यांनी पुन्हा ओंजळीत पाणी घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या आईने धुतले होते माझ्या सासूबाईंचे पाय. कंबर धरलेली होती तिची, खाली बसता येत नव्हतं. मी मुंडावळ्या बांधून शेजारी उभी... एक शब्द बोलले नाही. अजून राग येतो स्वतःचा."

माझ्या आईनेही धुतले होते. हसत हसत धुतले होते, म्हणून मला कधी त्यात काही वाटलंच नव्हतं. तिथे त्या खडकावर पहिल्यांदा वाटलं, आणि डोळे भरून आले.

त्यांनी दुसरा पायही नीट धुतला, आपल्या रुमालाने पुसला, गुडघ्यावर पट्टी लावली. मग हात झटकत उठल्या.

"वन्संना मी सांगते, विहिणींचे पाय धुवून झाले. कुणी कुणाचे धुतले, ते त्यांनी विचारलं तर बघू."

परतताना कसला मान आणि कसलं काय! चढावर मी त्यांना मागे टाकलं, उतारावर त्या चक्क आरोळी ठोकून माझ्यापुढे गेल्या. गुडघा ठणकत होता, चिखल तोंडावर उडत होता, आणि मी शाळकरी पोरीसारखी खिदळत होते.

मंजिरीताई, तुम्ही हे वाचणार हे माहीत आहे. तोंडावर थँक्यू म्हटलं असतं तर तुम्ही पुन्हा गप्प बसवलं असतंत, म्हणून इथे सगळ्यांसमोर म्हणते. माझ्याकडून थँक्यू... आणि माझ्या आईकडूनही.