नाव घातलेली नळी

संशोधनासाठी मला पितळेची चौकोनी नळी हवी होती, आतून सारख्या अंतरावर खाचा असलेली. अशा नळीत रेडिओलहर सोडली की एका ठरावीक वारंवारितेला सगळ्या खाचांचे पडसाद जुळून येतात आणि नळी घुमते. आलेखात तिथं एक शिखर दिसतं. धरणगावच्या तांबट नानांनी खाचा केसाचाही फरक न करता पाडल्या, पण माझ्या आलेखात शिखरं आली दोन!

पंधरा दिवस मी गणितं, यंत्र आणि स्वतःची अक्कल तपासली. मग एकदाची नळी उलटी केली. नानांनी खाली ठोकून ठोकून माझं नाव घातलं होतं, वडिलांच्या नावासकट. प्रत्येक ठोक्याचा पोचा आत उमटला होता; दुसरं शिखर त्या पोच्यांचंच होतं.

मी धरणगावला जाऊन तणतणलो. नाना शांतपणे म्हणाले, "बिगर नावनं भांडं हरपी जास, भाऊ."

हट्टानं बिननावाची दुसरी नळी करून घेतली आणि धुळ्याच्या कॉलेजात मोजणीला ठेवली. आणायला गेलो, तर प्रयोगशाळेच्या शिपायानं कपाटातून तशाच पाच नळ्या काढून टेबलावर मांडल्या.

"यातली तुमची कोणती, सर? नाव तरी घालून आणायचं!"