कुत्र्याला सांगितलेला धडा

शहरातल्या काही शाळांत आता मुलांसाठी शिकवलेली कुत्री आणतात म्हणे. मुलं त्यांना कुरवाळतात, त्यांच्यापुढे वाचतात आणि निवांत होतात. हे ऐकलं आणि मला हसू आलं. आमच्या शाळेत असा एक कुत्रा कुणी न बोलावता आला होता, आणि मी शहाणी त्याला तीन महिने हाकलत होते.

शाळा गोव्यात, मुळगावच्या बाजूची, दोन खोल्यांची. मी पेडण्याहून आलेली, नोकरी नवी आणि राग नाकावर. रस्त्यावरून खाणीचे ट्रक जात. त्यांची तांबडी धूळ वह्यांवर, पापण्यांवर बसे. दुपारच्या उन्हात ती हवेत तरंगत राहायची आणि सगळा वर्ग झोपेत पाहिल्यासारखा दिसायचा. आजही ती शाळा मला तशीच, धुळीतून दिसते. कुत्राही तांबडाच. त्याचा मूळ रंग कोणता, ते देव जाणे. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीमागून तो यायचा, मुलांनी दिलेला तुकडा खाऊन व्हरांड्यात अंग टाकायचा. रडणारं पोर त्याच्याशेजारी बसलं की हळूहळू गप्प व्हायचं. हे मला दिसत होतं, पण कबूल करायचं जिवावर येत होतं.

त्या वर्षी गोव्यात भाषेवरून घराघरांत वाद चालले होते. गोव्याचं वेगळं राज्य होणार, तर भाषा कुठली? यावरून आमचे मास्तरही हमरीतुमरीवर येत. माझ्या दुसरीच्या वर्गात मात्र एक मुलगी कुठल्याच भाषेत बोलत नव्हती. घर सिंधुदुर्गातून आलेलं, बाप खाणीचा ट्रक चालवायचा. घरी ती बोलायची, शाळेत मात्र तोंडाला कुलूप. मी समजावलं, मग ओरडले, शेवटी हात टेकले. नवी जागा, निराळी बोली, म्हणून बुजली असेल, अशी मी माझी समजूत घातली. मधल्या सुट्टीत ती पुस्तक घेऊन कुत्र्याजवळ बसे. लांबून तिचे ओठ हलताना दिसत. मी जवळ गेले की मिटत.

नवरात्रात, सरस्वतीपूजनाच्या दिवशी तिची आई आली. मुलीकडे बोट दाखवून म्हणाली, “बाई, ह्या चेडू हय तोंड उघडना नाय. घराक र्‍हवला तर धाकट्याक तरी सांभाळीत. नाव काढा.”

नाव काढायचं तर रजिस्टर हवं. आणि आमच्याकडे त्या दिवशी मुलांच्या पाट्या-पुस्तकांबरोबर शाळेचं रजिस्टरही पूजेत असतं. उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बाईला नेमका आजचाच दिवस सापडला, असं मनात म्हणत मी तिला जनेलापाशी, खिडकीलगतच्या बाकावर बसवलं आणि स्वतःही टेकले. मुलगी प्रसादाचे चुरमुरे घेऊन व्हरांड्यात गेली.

धुपाचा वास, आरतीनंतरची सुस्ती. माझे डोळे मिटायला आले होते. तेवढ्यात जनेलाबाहेरून एक बारीक, स्वच्छ आवाज आला. पुस्तक पूजेत होतं, हात रिकामे होते, तरी ती कुत्र्याला धड्यातली माकडाची गोष्ट अख्खी सांगत होती. तोंडपाठ, आणि तीही घरच्या मालवणीत. कुत्रा चुरमुरे खात ऐकत होता. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की उठून तिला उचलून घ्यावंसं वाटलं.

गोष्ट संपली. मग ती त्याला म्हणाली, “फाल्यापासून मी येवचंय नाय. तू हयच रव. बाई आरडतत तेव्हा माका भय वाटता, माझो आवाजच येना नाय. पन तू भिया नको. त्या तुका मारूचे नाय.”

मी जागच्या जागी बसून राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी तिची आई पदरानं डोळे पुसत होती.

दुपारी उत्तरपूजा झाली. रजिस्टर माझ्या टेबलावर आलं. मी ते उघडलं नाही. आई समोर येऊन उभी राहिली.

“बाई, फाल्या पाठवू चेडवाक?”

“पाठवा,” मी म्हटलं.

ती हलली नाही. माझ्याकडे बघत तिनं शांतपणे विचारलं, “तुमी आरडशात?”

मी मानेनंच ‘नाही’ म्हटलं.