आमचं ऑफिस टाइम अकराला उघडतं

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण चहा तोंडात असताना नको. मागे हे सांगताना आमच्या मेहुण्यांच्या नाकातून चहा आला होता. मला मात्र आजही ते आठवलं की हसू येत नाही.

आणीबाणीतला उन्हाळा. मी नाशिकला एका सरकारी कचेरीत सीनियर क्लार्क. त्या दिवसांत कचेरीत साप निघाला तरी चाललं असतं, पाच मिनिटं उशीर चालत नव्हता. दहाच्या ठोक्याला मस्टर साहेबांच्या टेबलावर. दोन लेट मार्क झाले की थेट आडरानातल्या पेठला बदली आणि तिसऱ्याला घरी, असं सगळे म्हणायचे. खरं की खोटं ते विचारायला जाणार कोण?

त्यातच मुंबईहून फर्मान आलं, आवार सुशोभित करा. आमच्या आवारात गेल्या वर्षीचे गुलाब नुसत्या काड्या होऊन उभे होते. नळाला दिवसाआड पाणी, तेही प्यायला पुरत नव्हतं. आमचे दाणी साहेब म्हणजे देवमाणूस. सहा महिन्यांवर रिटायरमेंट आलेली. ते बिचारे हवालदिल झाले. तेव्हा नको तिथे पुढे व्हायची माझी खोड नडली. म्हणालो, "साहेब, माझ्यावर सोपवा. पाणी न मागणारी बाग करून देतो."

मखमलाबादला सखूबाई म्हणून एक मावशी फुलं-भाजी पिकवून नाशकात आणून विकायच्या. सायकल काढून त्यांच्या बांधावर जाऊन उभा राहिलो.

"मावशी, पाणी अजिबात लागणार नाही अशी झाडं द्या."

"मग कागदाची फुलं घ्या," त्या म्हणाल्या. "कमी पान्याची हायेत माझ्याकडं. कुंपनाला बोगनवेल लावा, भिंतीकडंला कोरफड, पायरीपाशी सदाफुली. एकदा मुळं धरली का आठ दिसांनी तांब्याभर पानी दिलं तरी लय झालं."

काटेरी घायपातही त्या देत होत्या, पण मीच नको म्हणालो. त्याच्या काट्यात मुंबईच्या साहेबांची विजार अडकली तर काय घ्या. मग त्यांनी एका वाफ्याकडे बोट दाखवलं. जमिनीलगत पसरलेलं, सुईसारख्या जाड पानांचं, लालभडक फुलांचं झाड.

"हे ऑफिस टाइम. नुसती काडी खोवली तरी लागतं. ऊन चढलं का उघडतं, दुपारी मिटतं. आभाळ आलं तर त्या दिशी नाय उघडत."

आपल्याकडे त्याला खरंच ऑफिस टाइम म्हणतात, कचेरीच्या वेळेला फुलतं म्हणून. शहाणी माणसं चिनी गुलाब म्हणतात. मी शहाण्यासारखं बोललो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

दोन महिन्यांत बाग अशी जमली की येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. साहेबांनी स्वतः चार काड्या रोवल्या, थोड्या घरी नेल्या. आणि एके दिवशी ते बाहेर गेले असताना मुंबईचा ट्रंक कॉल आला. मी उचलला. खुद्द मोठे साहेब.

"आवार सुशोभन झालं?"

"झालं सर. अगदी कमी पाण्यात."

"बरं. आणि ऑफिस टाइमचं काय?"

आता मला सांगा, बागेच्या पाठोपाठ हा प्रश्न आल्यावर तुम्ही काय समजला असता? माझी तर छाती फुगली.

"एकदम छान आहे सर. साडेदहाला थोडं थोडं उघडायला लागतं, अकराला पूर्ण."

"अकराला?"

"हो सर. आणि दोनला मिटतं."

"काय?" पलीकडून आलं. मला वाटलं, आवाज पोचत नाही. म्हणून ओरडूनच सांगितलं, "ढगाळ असलं तर त्या दिवशी उघडतच नाही. देखरेख अजिबात लागत नाही सर. कुणी ढुंकून पाहिलं नाही तरी मजेत चालतं."

"तुमच्या साहेबांना हे माहीत आहे?"

"साहेबांनी स्वतःच्या हातांनी सुरू केलंय सर. आता तर घरीसुद्धा तेच."

"तुमचं नाव काय?"

शाबासकीसाठी विचारताहेत असं वाटून मी नाव, आडनाव, हुद्दा, सगळं स्पेलिंगसकट सांगितलं.

दाणी साहेब परत आल्यावर त्यांना कौतुकाने सगळं ऐकवलं. ते खाली बसले. मागे खुर्ची होती हे नशीब.

"शेवाळे," ते हळूच म्हणाले, "ते फुलाचं नाव आहे, हे सांगितलंत का तुम्ही त्यांना?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

साहेबांनी उलटा ट्रंक कॉल बुक केला. तासाभराने लागला. "सर, ते फूल आहे..." एवढंच ते बोलले असतील. पलीकडचा आवाज मला उभ्या जागी ऐकू आला. "फूल? कोणाला फूल म्हणताय? उद्या सकाळी दहाला मी स्वतः येतोय." आणि फोन आपटला.

"सहाच महिने राहिले होते हो," दाणी साहेब म्हणाले. रागावले असते तर परवडलं असतं. त्यांची पेन्शन माझ्या जिभेपायी जाणार, या विचाराने मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

घरी बायकोला सांगितलं. तिने माळ्यावरची ट्रंक खाली काढली. "पेठला पाऊस फार असतो म्हणे," ती म्हणाली. "छत्र्या दोन घ्या."

सकाळी दार उघडतो तर काय, आभाळ भरून आलेलं. फुलं उघडली नाहीत तर मोठ्या साहेबांना दाखवणार काय? त्यांचा विश्वास बसेल असा साक्षीदार हवा. कुणाला न सांगता सायकल मारत मखमलाबाद गाठलं. सखूबाई तोडणी संपल्याशिवाय हलेनात. येताना नाक्यावर सायकल पंक्चर. मी सायकल ढकलतोय, मावशी मागून चालताहेत आणि घड्याळाकडे बघायची माझी छाती होत नाही.

कचेरीत पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. वाफा लालभडक फुलला होता आणि त्याच्यापाशी मोठे साहेब चक्क हसत चहा पीत होते. दाणी साहेबांनी सगळा खुलासा केला होता. स्टाफ भीतीने सकाळी आठपासून जागेवर. सगळं निभावलं होतं. माझी एकट्याची खुर्ची रिकामी होती.

"तुम्हीच फोनवरचे शेवाळे?" त्यांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाग छान केलीत. आजचा उशीर माफ."

तिथेच थांबायला हवं होतं. पण आता मी साक्षीदार आणला होता ना.

"लय चांगला मानूस हाय सायेब," सखूबाई पुढे होऊन म्हणाल्या. "दोन महिने बागेसाठी रोज यायचा. मस्टरवर सही केली का निघायचा, अकराला माझ्या बांधावर हजर. दोनपरेंत आंब्याखाली झोपायचा, मग जायचा. कवा तरास नाय दिला."

मोठ्या साहेबांनी कप खाली ठेवला.

"दाणी," ते म्हणाले, "फोनवर हा माणूस अक्षर न् अक्षर खरं बोलत होता. फक्त झाडाबद्दल नाही, स्वतःबद्दल."